मागे कोणी आहे का?

ॲल्विनची आणि माझी ओळख चोरीमुळे झाली. चोर मी होते. चोरलं होतं ते पाणी — एक लॉक भरून पाणी.

हसायला येईल, पण आमच्या कालव्यांवर याहून मोठा अपराध नाही. कालवा टेकडी उतरतो तो पायरी-पायरीनं, आणि प्रत्येक पायरीवर एक लॉक असतं — दोन्ही टोकांना दरवाजे असलेला अरुंद दगडी हौद. एका वेळी एकच बोट मावते. हौद भरलेला असेल तर तो वरून येणाऱ्याचा, रिकामा असेल तर खालून येणाऱ्याचा. रिकामा दिसला म्हणून लगेच झडपा उघडून भरत सुटायचं नाही. आधी खाली चालत जायचं, वळणापलीकडे डोकवायचं, आणि कोणी येत असेल तर गुमान थांबायचं. बोटीवर वाढलेल्या पोरांना हे पाढ्यांच्या आधी येतं.

तरी त्या दिवशी टर्लीच्या पाच लॉकांतल्या शेवटच्या, सगळ्यात खालच्या लॉकवर मी डोकावले नाही. तिथे कालवा कातळातून कापून काढलाय. दोन्ही अंगांच्या भिंतींवरून, नेच्यांमधून पाणी ठिबकत असतं आणि भर दुपारीही हिरवा काळोख असतो. माझे डोळे भरून आले होते आणि तसल्या डोळ्यांनी मला कोणासमोर जायचं नव्हतं. म्हणून मान खाली घालून मी किल्ली फिरवत राहिले. आमची किल्ली म्हणजे कोपरात वाकलेला लोखंडी दांडा. झडपांच्या दात्यांवर चढवायचा आणि गरगर फिरवायचा.

डोळे भरायचं कारण म्हणजे आमची बोट. तिचं नाव ‘टिटवी’. माझ्या जन्माआधीपासून ती आमच्या घरात होती. डॅड सुकाणूवर उभे राहायचे आणि आई किल्ली घेऊन काठाकाठानं पुढे जायची. वुल्व्हरहॅम्प्टनपासून वेल्सच्या डोंगरापर्यंत आमच्या सगळ्या सुट्ट्या अशाच गेल्या. आदल्या हिवाळ्यात आई गेली. त्यानंतर डॅड टिटवीवर चढलेच नाहीत, आणि वसंतात त्यांनी ती नँटविचच्या एका जोडप्याला विकून टाकली. आता आम्ही बापलेक ती पोचवायला निघालो होतो. किल्ली माझ्या हातात होती. डॅड सुकाणूवर होते आणि सकाळपासून एक अक्षर बोलले नव्हते.

लॉक भरलं, टिटवी आत आली, पाण्याबरोबर खाली उतरली. मी खालचे दरवाजे उघडले… आणि समोर तो.

हिरव्या रंगाची एक लांब बोट. लॉकशेजारच्या सांडव्याच्या लोंढ्यानं तिला अशी दाबून धरली होती की तिचं नाक सरळ काटेरी झुडपात घुसलं होतं. मागच्या टोकाला एक उंच, किडकिडीत तरुण बांबूनं काठ ढकलत उभा होता. त्याच्या केसांत ब्लॅकबेरीची पानं अडकली होती.

“बाई,” तो अगदी सभ्यपणे म्हणाला, “चोरी झाली तर इकडे तक्रार कुठे करायची असते?”

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. मी पुटपुटले, “माझी चूक झाली. मी बघितलं नाही.”

“मी तीन वेळा भोंगा वाजवला.”

“मी… ऐकलंही नाही.”

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. काय दिसलं असेल ते असो, पण त्यानं चेष्टा थांबवली. मग आमच्याकडे समोरून येणारा प्रत्येक जण विचारतो ते त्यानं विचारलं. मागून आणखी बोट येत असेल तर तिच्यासाठी थांबायचं असतं, म्हणून हे विचारायची रीतच आहे. “मागे कोणी आहे का? की टोळी एवढीच?”

“नाही,” मी म्हणाले. “आमच्या मागे कोणी नाही.”

रोजचंच उत्तर, पण त्या दिवशी ते देताना मी टिटवीकडे बघितलं नाही.

तेवढ्यात डॅड बोलले. त्यांचं दिवसातलं पहिलं वाक्य. “रोवेना, टिटवीवरून आजवर कुणी कुणाचं लॉक चोरलं नव्हतं. त्याची बोट आता तू वर चढवून दे.”

मग काय… प्रायश्चित्त. तो एकटाच होता, मदतीला कुणी नाही. बोट आत घेऊन तो लोखंडी शिडीवरून वर आला. एका बाजूची झडप त्यानं उघडली, एका बाजूची मी. पाणी चढेपर्यंत आम्ही दरवाज्याच्या लांब लाकडी दांड्यावर टेकून उभे राहिलो. तेवढ्या वेळात मला कळलं की त्याचं नाव ॲल्विन, तो बाला गावचा, आणि लोकांच्या बोटींवर गुलाब, किल्ले आणि नावं रंगवत कालव्याकालव्यानं हिंडतो. घर म्हणजे हीच बोट, ‘जुनिपर’. त्याला माझ्याबद्दल काय कळलं देव जाणे. मी फक्त एवढंच सांगितलं की तुमच्या केसांत पानं आहेत.

“राहू देत,” तो म्हणाला. “पुरावा आहे.”

आणि गेला की वर. समोरासमोरून येणाऱ्या बोटींचं असंच असतं. एका लॉकापुरती भेट, मग तो दक्षिणेला आणि आपण उत्तरेला. संध्याकाळी मार्केट ड्रेटनला बोट बांधताना माझ्या कमरपट्ट्यात दोन किल्ल्या निघाल्या. लॉक सोडताना दांड्यावर किल्ली दिसली की उचलायची, ही हाताला लागलेली सवय. मी माझीही उचलली होती आणि त्याचीही. त्याच्या किल्लीच्या मुठीजवळ बोटाच्या पेराएवढा एक लाल गुलाब रंगवलेला होता.

डॅडनी ती उलटसुलट करून पाहिली. “छान,” ते म्हणाले. “आधी पाणी, मग किल्ली.”

दुसऱ्या दिवशी ड्रेटनचा बाजार होता, म्हणून आम्ही तिथेच थांबलो. खरं तर डॅडना पुढे जायची घाई नव्हती आणि मलाही नव्हती. दुपारी मी आल्याच्या बिस्किटांचा पुडा घेऊन पुलावरून उतरत होते आणि पाहते तर काय — दक्षिणेकडून एक हिरवी बोट येत होती. कालपर्यंत जिचं नाक दक्षिणेला होतं, तिचं नाक आता उत्तरेला. आमच्याच दिशेला.

तो टिटवीच्या मागे बोट लावून काठावर उतरला. केसांतली पानं गेली होती आणि शर्ट धुतलेला होता.

“माझी किल्ली,” तो म्हणाला. “तिच्यावाचून अडलं होतं.”

“मी चुकून आणली.”

“पाणी चुकून, किल्ली चुकून. उद्या चुकून काय नेणार आहात? म्हणजे मी तयारीत राहीन.”

“अजून ठरवलं नाही,” असं माझ्या तोंडून गेलं. मीच चकित झाले. आईच्या आजारपणापासून मी कुणाशी असं बोलले नव्हते.

किल्ली मिळाल्यावर माणसानं जायला हवं ना? पण त्याचं लक्ष आमच्या छपरावरच्या पाण्याच्या कॅनकडे गेलं. आईचा कॅन तो. वरचे गुलाब उडून नुसते गुलाबी डाग उरले होते. ॲल्विननं तो हातात घेतला आणि डॅडना विचारलं, नव्यानं रंगवून देऊ का? मला वाटलं, आता नको म्हणतील. आईच्या वस्तूला ते कुणाला हात लावू देत नसत. ते म्हणाले, “चहा घेणार?”

आणि मग तो आमच्याबरोबरच निघाला. कारण उघड होतं — एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही.

“वाळायला किती वेळ लागतो?” मी विचारलं.

“हवेवर असतं.”

हवा कोरडी ठणठणीत होती.

ते दिवस अजून मनात आले की माझी चाल आपोआप मंद होते. दोन बोटी मागेपुढे, माणसाच्या चालीपेक्षाही हळू. काठानं कुत्रा घेऊन जाणारे आजोबा आम्हाला मागे टाकायचे आणि पुढच्या पुलावर बसून आमच्याशी राहिलेलं बोलणं पुरं करायचे. दोन्ही काठांवर पांढऱ्या फुलांचे झुबके कमरेएवढे वाढलेले. बगळा आमच्यापुढे उडायचा, थोडं जाऊन बसायचा, आम्ही पोचलो की पुन्हा वैतागून उडायचा. इंजिनाचा टुक-टुक आवाज, किटलीतला चहा, पावाच्या दोन तुकड्यांत गरम बेकन… आणि मागे वळून बघितलं की तो. मी फार वेळा मागे वळून बघत होते. बोटीवर मागे बघावंच लागतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

आमच्यामागून येणाऱ्या बोटीला लॉक नेहमी रिकामं मिळतं. तिला ते पुन्हा भरत बसावं लागतं. ॲडर्लीच्या पाचही लॉकांवर मी टिटवी उतरवली की मागे थांबायचे, खाली कोणी येत नाही ना ते डोकावून बघायचे, आणि त्याच्यासाठी लॉक भरून दरवाजा उघडायचे. हो, आता मी डोकावत होते. तो आत शिरताना दरवेळी टोपी काढून मान झुकवायचा. एकदा म्हणाला, “एवढी सेवा? चोरीची शिक्षा फार मोठी झाली हो तुम्हाला.”

“सुटकेची तारीख सांगा मग.”

“रंग वाळला की,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे न बघता उत्तर दिलं.

एका दुपारी त्यानं जुनिपरचं सुकाणू माझ्या हातात दिलं. टिटवीवर डॅडनी मला ते कधी दिलं नव्हतं. आमच्याकडे बायका लॉक चालवतात आणि पुरुष बोट, हे कुणी ठरवलं कोण जाणे. मी उजवीकडे वळवायला गेले आणि बोट डावीकडे निघाली. त्यानं माझ्या हातावर हात ठेवून दांडा हलकेच उलटा ढकलला. बोट सरळ झाली. हात मात्र तिथेच राहिला… पुढचा पूल येईपर्यंत. पुलाखालच्या गार सावलीत आम्ही दोघं एकाच वेळी भानावर आलो आणि एकाच वेळी हवेबद्दल बोलायला लागलो.

मला काय होत होतं ते मला कळत होतं. म्हणूनच भीती वाटत होती. शेवटच्या दिवसांत आईनं माझा हात धरून सांगितलं होतं, सिरिलला एकटा टाकू नकोस. सिरिल म्हणजे डॅड. मी हो म्हटलं होतं. डॅडना साधं अंडं उकडता येत नाही. बोट दिल्यावर आम्ही घरी परतणार, मी वाचनालयातल्या कामावर जाणार, संध्याकाळी त्यांच्यासमोर ताट ठेवणार. त्यात कालव्यावर भटकणाऱ्या चित्रकाराला जागा कुठे होती? ज्याला पत्ता नाही अशा माणसाची वाट तरी कुठे बघायची?

ऑडलमच्या पंधरा लॉकांच्या वर आम्ही शेवटचा मुक्काम केला. संध्याकाळ लांबच लांब होती. ॲल्विननं कॅन आणून टिटवीच्या छपरावर ठेवला. आईचेच गुलाब, तेवढेच, त्याच जागी. त्यानं एकही वाढवला नव्हता. डॅडनी त्यावरून एक बोट फिरवलं आणि आत निघून गेले.

आम्ही दोघं काठावर बसलो. त्यानं विचारलं, “नँटविचनंतर?”

“घर. डॅड आणि मी.”

“आणि ते घर कुठे सापडतं?”

मी गवताची काडी तोडत राहिले. मग एका दमात सांगून टाकलं — आईला दिलेला शब्द, डॅड, अंडं, सगळं. शेवटी म्हणाले, “तुम्ही आता मागे येऊ नका. तुम्हाला किल्ली मिळाली. कॅन झाला. आता वळा.”

“वळलो असतो,” तो म्हणाला. “पण कसा वळू? बोट साठ फूट, कालवा त्याच्या निम्मा. बोट वळवायचा रुंद डोह पंधरा लॉकं उतरल्यावर आहे.”

आम्हाला दोघांनाही हसू आलं, आणि ते हसू फार वाईट होतं. आमच्या कालव्यांवर रागावून पाठ फिरवायची सोय नाही. डोह येईपर्यंत बरोबर जावंच लागतं.

“तुम्ही सकाळी पुढे व्हा,” तो उठत म्हणाला. “मी दोन दिवस इथेच थांबतो. मग उतरीन, वळीन आणि दक्षिणेला जाईन. तुमच्या मागे येणार नाही.” तो दोन पावलं गेला आणि थांबला. “रोवेना, तुम्ही त्यांना एकटं टाकू नका. बरोबरच आहे ते.”

तो भांडला असता तर सोपं गेलं असतं.

सकाळी भुरभुर पाऊस होता. मी पिवळा रेनकोट चढवून दोर सोडायला गेले. जुनिपरचे पडदे बंद होते. डॅड सुकाणूवर चहाचा मग घेऊन उभे होते.

“तो येत नाही?” त्यांनी विचारलं.

“नाही. त्याला दक्षिणेला जायचंय. तो किल्लीसाठी आला होता.”

डॅडनी चहाचा घोट घेतला. “टर्लीच्या सगळ्यात खालच्या लॉकवरून तू त्याची किल्ली आणलीस.”

“हो.”

“मग वरची चार लॉकं त्यानं काय दातांनी उघडली?”

माझ्या हातातला दोर तसाच राहिला.

“चार चढला,” डॅड सावकाश म्हणाले. “वर जाऊन बोट वळवली. पाच उतरला. सगळं किल्लीशिवाय? अगं, त्याच्या दारामागे ओळीनं किल्ल्या टांगल्यात, मी चहा प्यायला गेलो तेव्हा बघितल्या. आणि किल्लीसाठी माणूस सायकलवरून येतो, पोरी. साठ फुटी बोट वळवून येत नाही.”

“डॅड, मी आईला शब्द दिलाय.”

“मला माहीत आहे. मी त्याच खोलीत होतो, तिला वाटलं मला झोप लागलीये.” त्यांनी मग छपरावर, कॅनशेजारी ठेवला. “तिनं सांगितलं, एकटा टाकू नकोस. माझ्याबरोबर बुडून जा असं नाही सांगितलं. अंडं मी शिकेन. बुडबुडे आले की झालं, एवढंच ना?”

“बुडबुडे आल्यावर पुढे चार मिनिटं.”

“बघ. निम्मं तर आलंच.”

मला रडू आणि हसू एकत्र आलं. पण पाय उचलेना. जुनिपरचं दार वाजवायचं, आणि काल त्याला जा म्हणून सांगितलेल्या तोंडानं आज काय बोलायचं? डॅडनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि इंजिन चालू केलं.

वळण घेतल्यावर जुनिपर दिसेनाशी झाली. पहिलं लॉक आलं. मी टिटवी उतरवली. खाली दुसरी बोट वर यायला थांबलीच होती — लाल बोट, त्यावर एक म्हातारं जोडपं, दोघांच्या डोक्यावर एकसारख्या लोकरी टोप्या. टिटवी बाहेर पडली, ते आत शिरले. रीत म्हणून मी त्यांनाही वर चढवायला थांबले. लॉक भरलं. वरचा दरवाजा उघडला आणि आजींनी सुकाणूवरूनच विचारलं, “दरवाजा लावायचा ना? का मागे कोणी आहे?”

नाही म्हणायला माझं तोंड उघडलंही होतं. टर्लीपासून, त्याच्याही आधीपासून, सबंध हिवाळाभर मी हेच उत्तर देत आले होते.

“आहे,” मी म्हणाले. “मागे एक जण आहे. दरवाजा उघडाच राहू द्या.”

आजोबांनी कपाळावर हात धरून रिकाम्या कालव्याकडे पाहिलं. “दिसत तर नाही.”

“वळणापलीकडे आहे. हिरवी बोट. जुनिपर. त्याला म्हणावं…” मी ओला हात रेनकोटाला पुसला. “त्याला सांगाल, लॉक त्याच्यासाठी तयार आहे?”

आजींनी माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. “सांगते,” त्या म्हणाल्या. “आणि पिवळ्या रेनकोटातली मुलगी भिजतेय, तेही सांगते.”

लाल बोट टुक-टुक करत गेली. मी उघड्या दरवाज्याच्या दांड्यावर बसले. पाऊस नाकावरून ओघळत होता. कोणी येत नसताना दरवाजा उघडा टाकणं हाही आमच्याकडे गुन्हाच. फटींतून पाणी वाहून जातं. म्हणजे हा माझा दुसरा. तो नाही आला तर? पडदे ओढून झोपला असेल तर? काल मीच म्हटलं होतं, मागे येऊ नका. शब्द पाळणाऱ्या माणसाचा मला पहिल्यांदाच राग आला.

तेवढ्यात खालून आवाज आला. दुसऱ्या लॉकातून एक भाड्याची बोट वर येत होती. पुढच्या टोकाला एक जाडसर गृहस्थ, हातात किल्ली, चेहऱ्यावर घाई. त्यांनी लॉक भरलेलं पाहिलं, दरवाजा उघडा पाहिला आणि हाक मारली, “कोणासाठी उघडं आहे हे?”

“एक बोट येतेय.”

“कुठे? मला तर बदकं दिसताहेत.”

त्यांचं बरोबर होतं. बोट नजरेत नसेल तर लॉक रिकामं करून घ्यायचा त्यांना पुरा हक्क. मी पुन्हा एकदा कुणाचं तरी पाणी अडवून बसले होते, आणि तेही उघड्या डोळ्यांनी. मी दांड्यावरून उतरले. दरवाजा लावायला पाठ लावली…

आणि खाली टिटवी आडवी झाली. तिचं नाक या काठाला, शेपूट जवळजवळ त्या काठाला. दोन लॉकांमधला रस्ता पार बंद. भाड्याच्या बोटीनं कसाबसा ब्रेक मारल्यासारखं केलं.

“माफ करा हं,” डॅड सुकाणूवरून म्हणाले. “वाऱ्यानं नेली.”

झाडाचं पान हलत नव्हतं. सरळ पडणाऱ्या पावसाची रेघसुद्धा वाकडी होत नव्हती. आयुष्यात कुणाच्या वाटेत न आलेला माझा बाप बांबू घेऊन बोट सरळ करायची खटपट करत होता, आणि दर ढकलण्यागणिक ती आणखी घट्ट अडकत होती.

“किती वेळ लागेल?” गृहस्थांनी विचारलं.

“हवेवर असतं,” डॅड म्हणाले.

आणि मग मला ऐकू आलं. वळणापलीकडून, पावसातून — टुक-टुक… टुक-टुक… नेहमीपेक्षा जरा भरभर. हिरवं नाक वळणातून बाहेर आलं. तो डोक्यावर टोपी न घालताच उभा होता, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. उघड्या दरवाज्यातून जुनिपर अलगद आत शिरली. त्यानं इंजिन मंद केलं आणि माझ्याकडे वर पाहिलं.

“लाल बोटीवरच्या बाई म्हणाल्या, लॉक माझ्यासाठी उघडं आहे.”

“आहे.”

“कोणी ठेवलं?”

“ज्या मुलीनं तुझं पाणी चोरलं होतं तिनं,” मी म्हणाले. “परत करतेय.”

तो शिडीवरून वर आला. माझ्यासमोर उभा राहिला, ओला, धापा टाकत. “रोवेना, मला एक सांगायचंय. माझ्याकडे आणखी पाच किल्ल्या आहेत.”

“डॅडनी सांगितलं.”

“मग मी काय सांगायचं राहिलं?”

“किल्ल्यांचं सोडून दे,” मी म्हणाले. “राहिलेलं सांग.”

“टर्लीला तू माझ्यासाठी झडप उघडत होतीस आणि तुझे डोळे ओले होते,” तो म्हणाला. “वरच्या लॉकपर्यंत मी स्वतःला सांगत होतो, आपल्याला काय करायचंय. मग वळणाचा डोह आला आणि माझ्या हातांनी बोट वळवली. मी तुझ्यासाठी आलो. मला तू आवडतेस… आणि तुझे डॅडही. घर कुठे आहे ते सांग. कालवा जवळून जात असेल तर ठीक, नाहीतर चालत येईन.”

“वुल्व्हरहॅम्प्टन,” मी म्हणाले. “कालवा घरामागूनच जातो.”

मग मी त्याच्या शर्टाचं चुकलेलं बटण सोडवून योग्य घरात लावलं. दुसरंही लावलं. तिसऱ्यापाशी त्यानं माझे हात धरले, आणि पावसाचं आम्हाला काही उरलं नाही.

खालून घसा खाकरल्याचा आवाज आला. टिटवी एव्हाना सरळ झाली होती. वारा एकदम पडला होता म्हणे. आम्ही झडपा उघडल्या, एका बाजूची त्यानं, एका बाजूची मी. पाणी उतरलं, जुनिपर खाली गेली, खालचे दरवाजे उघडले. भाड्याच्या बोटीवरचे गृहस्थ थकल्या आवाजात, पण रीत न मोडता विचारते झाले, “आता तरी सांगा. मागे अजून कोणी आहे का?”

डॅडनी टिटवीवरून वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याशेजारी छपरावर आईचा कॅन पावसात चमकत होता.

“नाही,” मी म्हणाले. “यायचा होता तो आला.”